पेटी बंद ठेवायचं मिनिट

शाळेच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम ख्रिस्ती आहेत. त्यांचे यजमान पाळक, म्हणजे चर्चमधली उपासना चालवणारे. मागच्या वर्षी चर्चमधल्या पेटीवाल्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मॅडमनी डबा खाता खाता विचारलं, "तीन महिने रविवारी वाजवाल का?" मी भजनी मंडळात पेटी वाजवते हे सगळ्या शाळेला माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगत असते. मी लगेच हो म्हणाले. खरं म्हणजे तिथे आत काय चालतं ते बघायची मला लहानपणापासून हौस होती. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "पेटी त्यांची आहे ना, की आपली न्यायची?"

पेटी मला शिकवली ती आमच्या गल्लीतल्या बाईंनी. त्यांचं माहेर मैंदर्गीचं, बोलण्यात कानडी मिसळलेलं, आणि सूर चुकला की बोटावर पट्टी बसायची. मंडळात पेटीवर त्याच बसत. पण पाच वर्षांपूर्वी त्यांची बोटं थरथरायला लागली आणि नेमकी बार्शीला महिलांची भजन स्पर्धा आली. "तुम्ही नका वाजवू" असं बाईंना तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती, त्यांच्या जागी बसायची हौस मात्र भरपूर होती. गाडी सातला निघणार होती. बाईंना निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी त्यांना नऊ सांगितले, आणि गाडीत बायकांना सांगितलं की बाईंना बरं नसल्याचा निरोप आलाय. आम्ही दुसरा नंबर घेऊन आलो. बाई नऊ वाजता नवं लुगडं नेसून मारुतीच्या देवळापाशी ताटकळत उभ्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी गल्लीत कळलं. "निरोपात घोळ झाला," असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. महिन्याभरात बाई मुलाकडे कुंभारीला राहायला गेल्या. कुंभारी काही लांब नाही. मी एकदाही गेले नाही.

तर पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये पेटी घेऊन बसले. दोन गाणी झाली, तबलेवाला चांगला होता, माझा जीव भांड्यात पडला. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण आपापली पापं देवासमोर आठवू या," आणि सगळं चर्च गप्प झालं. आमच्या भजनात पेटी कधी गप्प बसत नाही. बुवा खोकले, कुणी पाणी प्यालं, तरी खाली सूर चालूच ठेवायचा, हेच बाईंनी शिकवलेलं. मला वाटलं, हे लोक काहीतरी विसरले आहेत. मी हळूच षड्ज धरला, वर थोडी सजावटही केली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते खूश आहेत असं समजून मी जरा आवाज वाढवला.

उपासना संपल्यावर पहिल्या बाकावरची एक म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली.

"तुमी वाजवलं आन माझं अर्ध्यावर ऱ्हायलं की!"

"काय राहिलं, आजी?"

"मी देवाला सांगत हुते. मधीच तुमची पेटी. आता पुढला रविवार येईस्तवर घिऊन बसू व्हय?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिचं काय राहिलं असेल याची उत्सुकता तर घरी भाकरी थापतानाही जाईना.

दुसऱ्या रविवारी मी हात मांडीवर ठेवून बसले. जेमतेम एक मिनिट असतं ते. पण हाताला काम नसलं की ते मिनिट काही संपत नाही. "आपापली पापं" म्हणताना पाळकसाहेब माझ्याचकडे बघतात असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आणि डोळ्यांपुढे आल्या त्या बाई, देवळापाशी उभ्या असलेल्या. मग सगळ्यांनी एका सुरात कबुली म्हटली. पाळकसाहेबांनी हात वर करून सांगितलं की येशूवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला क्षमा आहे. लोकांनी "आमेन" म्हटलं आणि लगेच पुढचं गाणं. मी सूर लावायचाच विसरले.

एवढं सोपं? आम्ही लहानपणापासून ऐकत आलो ते करावं तसं भरावं. इथे केलं एकानं, सोसलं येशूनं, आणि माफी सगळ्यांना सरसकट. मला ते पटेना आणि मनातून जाईनाही. मी आजींनाच विचारलं, "एकदा माफ झालं, तर दर रविवारी परत कशाला?"

"काल भाकर खाल्ली म्हून आज खाईना झालाव काय?" आजी म्हणाल्या.

पाळकसाहेबांना मी चहाच्या वेळी गाठलं. "खुन्यालाही मिळते?"

"मनापासून वळला तर त्यालाही."

"मग ज्याचा माणूस गेला त्यानं काय करायचं? देवानं परस्पर माफ करून टाकलं, त्याला कुणी विचारलं का?"

मॅडमनी माझ्याकडे डोळे वटारले, पण पाळकसाहेब चिडले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "हा प्रश्न मलाही पडतो. पण आमच्यात असंही शिकवतात, की देवापुढे येताना आठवलं आपण कुणाचं तरी मन दुखवलंय, तर आधी त्याच्याकडे जाऊन यायचं. मग देवाकडे."

"आणि मी तुमच्यातली नाही. मला ती माफी लागू आहे का?"

"ती सगळ्यांसाठी ठेवलेली आहे. घ्यायला हात पुढे करायचा, त्यालाच आम्ही विश्वास म्हणतो."

मी हात पुढे केला नाही. माझा देव मला आहे, आणि धर्म बदलायचं माझ्या मनातही नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक रविवारी ते मिनिट आलं की बाई येऊन उभ्या राहायच्या. एक-दोनदा वाटलं, सरळ पेटी वाजवत राहावं. आजींच्या काठीला भिऊन तसं केलं नाही.

तीन महिने संपले, काका परत आले. त्याच आठवड्यात मी कुंभारीला गेले. रिक्षात बसून दहा वाक्यं तयार केली होती. बाई दारातच बाजेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर थरथरत होता, डाव्या हातानं तो दाबून धरलेला.

"बा, कुंद्रु," त्या म्हणाल्या. ये, बस. जणू मी काल येऊन गेले होते.

तयार केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, गाडी सातलाच होती. मला माहीत होतं. मी तुम्हाला मुद्दाम नऊ सांगितले. घोळबिळ काही नव्हता."

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं. घोळ झाला असता तर गाडीतनं फोन केला असतास की तू, बाई कुटं ऱ्हायल्या म्हून."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी विचारलं, "मला माफ कराल का?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी शिकवताना एखादी सोपी चीज दहाव्यांदा चुकल्यावर बघायच्या.

"ते तवाच केलं. देवळापास्नं घरी येता येता. तुला सूर कळतोय, मला न्हाय जमत आता, येवढं मला दिसत न्हवतं व्हय? मी वाट बघत हुते. आज येईल, उद्या येईल. तवा बोटं जरा तरी चालत हुती, चार चिजा दिल्या असत्या तुला." त्यांनी मांडीवरचा हात जरासा उचलून मला दाखवला. "नऊ सांगितलीस ते माफ हाय. पन ही चार वर्सं आली न्हाईस, त्याचं काय करू मी?"