देव्हाऱ्यातलं बनावट नाणं

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मी नागपुरात एका वस्तुसंग्रहालयातल्या नाण्यांची देखभाल करत होतो. एकदा बाहेरून एक नामांकित नाणेतज्ज्ञ आले. सत्कारात त्यांच्या गळ्यात इतके हार पडले, की भाषण संपेपर्यंत त्यांचा चेहरा कुणाला धड दिसला नाही. हार उतरल्यावर मात्र माणूस कामाचा निघाला. जुनी बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची नाणी आणि त्यांच्या हल्लीच्या नकला कशा ओळखायच्या, हे त्यांनी मला भिंगाखाली दाखवलं. खरं नाणं ठशावर घाव घालून पाडलेलं, म्हणून अक्षरं धारदार. नक्कल साच्यात ओतलेली. तिची अक्षरं वापरलेल्या साबणासारखी, अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं, कडेला कानशीच्या खुणा.

ऐकता ऐकता माझं मन घरी पोचलं होतं.

माझा थोरला भाऊ महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापार गेला, तो परत आला नाही. कुठे हरवला, हे सरकारने कळवलं नाही. आधी ते गुपित होतं, नंतर बहुधा त्यांनाही आठवेना. त्याने कुणाच्या तरी हाती आईसाठी पाठवलेलं एक सोन्याचं नाणं तेवढं आलं. त्यावर तीन उभ्या आकृत्या. रामटेकला जाणाऱ्या आमच्या विणकराच्या घरात तीन आकृत्या म्हणजे राम, लक्ष्मण, सीता. आई त्याला रोज आंघोळ घालून चंदन लावायची.

त्या रविवारी मी भिंग घेऊन देव्हाऱ्यापाशी बसलो. छिद्रं शोधावी लागलीच नाहीत. प्रत्येकात चंदन वाळून बसलं होतं.

"काय पाहून राहिला गा एवढं?" आईने विचारलं.

"सोनं खरं आहे. पण नाणं जुनं नाही. आत्ताचं ओतलेलं आहे. आणि हा राम नव्हे, परदेशचा राजा आहे. बाजूला त्याची दोन पोरं."

आईने नाणं हातात घेतलं. "दोघंही बापाजवळच उभे हायेत," ती म्हणाली. "बरं हाय त्याचं." मग नाणं पालथं करत, "हे कुठी बनवलं, ते सांगते काय तुहा साहेब?"

मला हे सुचलं नव्हतं. जुनं नाणं कुठूनही कुठेही गेलेलं असतं. नकलेला मात्र कारखाना असतो.

दुसऱ्या दिवशी मी नाणं त्या नाणेतज्ज्ञ साहेबांकडे नेलं. त्यांनी राजाच्या पायाखालचा एक ओरखडा दाखवला. तो साच्यातच होता, म्हणून त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उमटला होता. "बैरुत," ते म्हणाले. "लढाईत तिथे शिपायांना ही नाणी विकायचे. दुसऱ्या कुठल्या बाजारात मी हे पाहिलं नाही."

मी घरी येऊन नकाशात गाव दाखवलं. आईने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

सकाळी नाण्याला चंदन लावताना तिने विचारलं, "तेथी थंडी पडते काय गा?"

"पडत असेल. बाजूला डोंगर आहेत."

"आधी ठाऊक असतं, तं आपल्या मागावरची एक पासोडी पाठवली असती त्याले."