गोठ्यामागच्या नोंदी

माझी स्मरणशक्ती फार दांडगी आहे, असं मंचरपासून आण्याच्या पठारापर्यंत बरेच लोक मानायचे. मी जनावरांची डॉक्टर आहे. एखाद्या गोठ्यात दीड वर्षानं गेले तरी मी म्हणायचे, "ही तीच ना, डाव्या अंगानं गेलं की लाथ झाडणारी? हिची कालवड ठेवली की विकली?" मालकाचा चेहरा खुलायचा. घरच्या गाईची कुणी अशी चौकशी केली की माणसाला बरं वाटतं. "आमच्या डॉक्टरीणबाईला समदी जनावरं पाठ हायेत," असं लोक एकमेकांना सांगायचे आणि त्यावर मला नवीन गोठे मिळायचे.

खरं म्हणजे मला काही पाठ नव्हतं. गोठ्यात शिरायच्या आधी मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला जायची आणि मोबाईल उघडायची. नोंदी ठेवायचं एक ॲप होतं. गावाचं नाव टाकलं की त्या गावातला एकेक गोठा समोर यायचा. कोणती गाय कधी व्यायली, कुणाला काय औषध दिलं, कुठली म्हैस पांढऱ्या सदऱ्याच्या माणसाला बुजते, घरातल्या कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळं वाचून, दोन मिनिटांत हात पुसत मी गोठ्यात हजर.

ही सवय निरगुडसरच्या एका माणसामुळं लागली. डिग्री घेऊन आल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं मला दुसऱ्यांदा बोलावलं आणि दारातच विचारलं, "वळखली का आमची गाय?" मला ओळखता आली नाही. तो काही वाईट बोलला नाही. फक्त "बरं" म्हणाला. ते "बरं" मला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. माझ्या पणजोबांना गावात बोलावणं यायचं ते मेलेलं जनावर ओढून न्यायला. आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला तेव्हा ते काम घरातून कायमचं गेलं. मला जिवंत जनावरासाठी बोलावत होते. ते बोलावणं टिकवायचं तर आपण दुसऱ्यांपेक्षा जरा जास्तच चांगलं असायला हवं, असं मी मनाशी धरलं होतं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

वह्या वापरून पाहिल्या. शेणा-मुतात आणि पावसात वही टिकत नाही. मग हे ॲप सापडलं. 'एकदाच पैसे भरा, कायमचं वापरा' असं त्यावर लिहिलं होतं. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याच्या कार्डावरून पैसे भरले आणि पुढची सात वर्षं मी त्यात लिहीत गेले. ते कुणी बनवलंय, कुठं बनवलंय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. चपला कुणी शिवल्या हे तरी आपण कुठं विचारतो?

गुरुवारी मी आण्याकडं जाते. अशाच एका गुरुवारी पठारावरच्या एका म्हाताऱ्या बाईंची संकरित गाय बघायची होती. कासेला सूज, दूध फाटलेलं, म्हणजे दगडीची सुरुवात. मी नेहमीप्रमाणे गोठ्याच्या मागं गेले, ॲप उघडलं, गावाचं नाव टाकलं. नोंदींच्या ऐवजी एक पाटी आली. आता हे ॲप वर्गणीवर चालेल, दर महिन्याला पैसे भरा. तोवर गेल्या तीस दिवसांतल्याच नोंदी दिसतील. खाली दोन बटणं होती, 'वर्गणी भरा' आणि 'नंतर पाहू'. मी 'नंतर पाहू' दाबलं. सगळं कोरं. त्या गावात मी पाच महिन्यांत गेलेच नव्हते. वर्गणी भरावी म्हटलं, तर कार्ड नवऱ्याचं, नवरा वर्गात, आणि पठारावर रेंजही येऊन-जाऊन.

चिडून काय करणार? पण नुसता राग असता तर बरं झालं असतं. मला पुसट आठवत होतं की याच गावातल्या एका गाईला एक अँटिबायोटिक सोसलं नव्हतं. तीच का ही? आणि औषध कोणतं? ते मी लिहिलं होतं. लिहून ठेवलं म्हणूनच डोक्यातून काढून टाकलं होतं.

मी गोठ्यात आले. बाई गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. सिरिंज भरायची सोडून मी तशीच थांबले.

"काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "मावशी, मला आठवत नाही. या गाईला पूर्वी कुठलं इंजेक्शन बाधलं होतं का?"

"हिला न्हाई. हिच्या आईला," त्या लगेच म्हणाल्या. "पर तुमी तवा सांगितलं व्हतं, हिलाबी त्ये द्यायाचं न्हाई म्हणून. अंगावर ह्या एवढाल्या गांधी उठल्या व्हत्या, डोळं सुजलं व्हतं. थांबा."

त्या घरात गेल्या आणि देवळीतून एक रिकामी बाटली घेऊन आल्या. त्या औषधाची बाटली त्यांनी धुऊन, बूच लावून जपून ठेवली होती. मी लेबल वाचलं. माझ्या बॅगेत तेच होतं.

दुसरं औषध दिलं. कास पिळून कशी मोकळी करायची ते दाखवलं. मग मात्र मला राहवेना. "मावशी, मला सगळी जनावरं पाठ नसतात. मी मागं जाऊन मोबाईलमध्ये वाचून येते."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"समद्यांला. हात धुवाया जाता नि हात कोरडेच घिऊन येता. आमी हसतो. पर म्हटलं, बाई येवढं लिवून ठिवती, त्येबी काय कमी न्हाई."

सात वर्षं! मला लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि हसूही आवरेना. चहा पिऊन निघाले.

घरी आल्यावर राग पुन्हा वर आला. नवऱ्याला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तू एकदा पैसे घेतलेस म्हणून त्या गाईला जन्मभर फुकट तपासतेस का?"

"गाय आजारी पडते. वही आजारी पडत नाही," मी म्हटलं.

"ते त्या वहीवाल्याला विचार."

तो टोमणा होता. पण मी खरंच विचारलं. ॲपच्या तळाशी एक ईमेल पत्ता होता. मी इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. 'कायमचं' या शब्दाचा तुमच्याकडं काय अर्थ होतो, असं विचारलं. एका जनावराच्या जिवावर बेतलं असतं, हेही लिहिलं. पुरावा म्हणून माझ्या एका ताज्या नोंदीचा आणि त्या पाटीचा फोटो जोडला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलंच तर ते यंत्रानं लिहिलेलं असेल.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि ते माणसानं लिहिलेलं होतं. तो कुठल्याशा थंड देशातला होता. तिथं बर्फ पडत असल्याचं त्यानं मध्येच लिहिलं होतं. ॲप दोघांनी मिळून बनवलं होतं, जोडीदार दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या नोकरीला लागला, आता तो एकटाच सगळं बघतो. मोबाईल कंपन्या दर वर्षी आतलं काहीतरी बदलतात. त्याबरोबर ॲप पुन्हा जुळवून घेतलं नाही तर ते बंद पडतं. सगळ्यांच्या नोंदी ज्या संगणकांवर साठवलेल्या असतात त्यांचं भाडं वेगळं. नवीन विकत घेणारे थांबले होते आणि जुने रोज दुरुस्त्या मागत होते. वर्गणीशिवाय त्याला रस्ता दिसला नव्हता. म्हणजे वही आजारी पडत होती, दर वर्षी. मला हे पटलं, आणि पटल्याचा थोडा रागही आला.

पण पुढं त्यानं लिहिलं होतं की जुन्या लोकांच्या नोंदी झाकल्या जाणं ही त्याची चूक होती. घाईत झालं, बऱ्याच जणांनी कळवलंय, आठवडाभरात त्या पुन्हा उघडतील. सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायचं बटण कुठं आहे तेही समजावलं होतं. आणि सगळ्यात शेवटी: 'तुमच्या फोटोत एक शब्द आहे. तो मी भाषांतरात टाकून पाहिला तर त्याचा अर्थ दगडाचा, दगडासारखी, असा आला. गाईला दगडी झाली म्हणजे काय झालं?'

मी दोनदा वाचलं. मग त्याला लिहिलं की कास सुजून दगडासारखी घट्ट होते म्हणून. तुमच्याकडच्या गाईंनाही हे होतं, फक्त तिकडं त्याला दुसरं नाव असेल. त्यानं विचारलं, गाय आता कशी आहे? मी लिहिलं, बरी आहे. एवढ्यावर आमचा पत्रव्यवहार थांबला.

त्यानं शब्द पाळला. नोंदी उघडल्या. मी एक वर्षाची वर्गणी भरली, पण आधी सगळ्या नोंदी बाहेर काढून मंचरला झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतल्या. दुकानदार कागद मोजता मोजता वाचत होता. "म्याडम, ही म्हैस कापडाच्या पिशव्या खाती?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खायची.

तो गठ्ठा मी सलग वाचला. आपण स्वतः लिहिलेलं आपण कधी ओळीनं वाचत नाही. मी फक्त हवी ती नोंद शोधायची, वाचायची, बंद करायची. आता सगळं एकापाठोपाठ समोर आलं आणि मला दिसलं की जागोजागी मी एकच शब्द लिहिलाय: 'विचारायचं'. या गोठ्यात गाभण गाई नेहमी दाराकडं तोंड करूनच का बांधतात, विचारायचं. ही आजी धार काढताना पुटपुटते ते काय, विचारायचं. एकही प्रश्न मी विचारला नव्हता. लिहून ठेवलं, म्हणजे काम झालं.

मग मी विचारत सुटले. दाराकडं तोंड का, याचं उत्तर मिळालं, "मागं भिंतीला वल येती म्हणून." पुटपुटणारी आजी किती तांबे दूध निघालं ते मोजत होती. काहींची उत्तरं द्यायला आता कुणी राहिलं नव्हतं.

एका प्रश्नाची मला जास्त ओढ होती. डिंभ्याच्या धरणामागं, डोंगरात भात आणि नाचणी करणाऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या एका म्हातारीबद्दल मी सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: 'म्हैस व्यायल्यावर जार पडत नसेल तर पाला देते. सगळी वाडी तिला बोलावते. गुण येतो म्हणतात. पाला कोणता? विचारायचं.' जार, म्हणजे पिलामागून पडणारी वार, अडकली की लोक घाबरतात, ओढतात, तिच्या लोंबत्या टोकाला दगड बांधतात आणि मग आतून जखमा होतात. असल्या म्हशी मी फार पाहिल्या आहेत. या वाडीवरून मात्र तसली केस मला कधी आली नव्हती. म्हणजे पाल्यात काहीतरी असणार.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा त्या वाडीवर लसीकरणाला जायचा योग आला. म्हातारी जिवंत होती, चांगली तुरतुरीत होती. तिच्याच घरची म्हैस त्या सकाळी व्यायली होती. जार पडली नव्हती. तिचा मुलगा, चांगला पन्नाशीचा माणूस, कोयता घेऊन निघायच्या तयारीत होता.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"पाला आणाया. वरच्या कड्याखाली मिळतो. दोन तास जात्यात, राव."

मला सोबत जायचं होतं. म्हातारीनं माझा हात धरला. "तुमी बसा. तुमाला न्हाई चढवायचं."

तो गेला. आम्ही ओट्यावर बसलो. म्हैस रेडकाला चाटत होती. मी म्हटलं, "आजी, पाला कोणता ते मला सांगाल? नाव काय त्याचं?"

तिनं वाटेकडं नजर टाकली. मुलगा वळणाआड गेला होता.

"कंचाबी चालतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लांबचा पायजे फकस्त. जवळचा सांगितला तर लगीच आणत्यात, नि मंग हात घालाया बघत्यात. जार पडाया येळ लागतो. बाईमाणसाला ठावं आसतंय. बाप्याला धीर नसतो. त्येला कड्याव धाडायचं."

पाच वर्षं कॉलेजात शिकून मी लोकांना हेच सांगत आले होते: हात लावू नका, आठ-दहा तास वाट बघा. कुणी ऐकत नव्हतं. हिनं वाडीभर वाट बघायला लावली होती, आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं.

"आणि नाहीच पडली तर?"

"मंग तुमाला फोन करायचा. त्यापायी तर नंबर भिताडावर लिवलाय."

भिंतीवर खरंच कोळशानं माझा नंबर लिहिलेला होता. आम्ही नाचणीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला, ताक प्यायलो. तिनं माझ्या मुलांची चौकशी केली. दीड तासानं म्हशीनं दोन पावलं मागं घेतली, पाठ वाकवली आणि जार पडली. पूर्ण, स्वच्छ. मी तपासून पाहिली. म्हातारीनं ती फडक्यात गुंडाळून, पुरायला म्हणून बाजूला ठेवली.

थोड्या वेळानं मुलगा आला. घामानं भिजलेला, काखेत हिरव्या वेलाची मोळी. त्यानं आधी म्हशीकडं आणि मग आईकडं पाहिलं.

"पडली का?"

"पडली की," म्हातारी म्हणाली. "तू पाला घिऊन खिंडीत आला आसशील तवाच. वासानंच पडली."

त्यानं समाधानानं मान हलवली आणि मोळी म्हशीपुढं टाकली. म्हशीनं एकदा हुंगून खायला सुरुवात केली. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मी बॅग उघडली आणि उरलेल्या गुरांना लस टोचायला पुढच्या घरी गेले.