पन्नास काडतुसं

आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी-आजोबा राहतात. आजी नेमबाजीच्या क्लबात आहेत, आणि त्यांच्या पिस्तुलाचं एकेक काडतूस आजोबा घरी भरतात, रीतसर परवाना काढून. मी इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो, त्यामुळे मोजमापातलं आपल्याला बरंच कळतं अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी आजोबांनी मला केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बघायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी आजींची स्पर्धा होती. आजोबा चिमूटभर दारू काट्यावर घ्यायचे, कण जास्त झाला तर चिमट्याने उचलायचे, मग पितळी पुंगळीत ओतून आत टॉर्च मारायचे आणि वर गोळी बसवायचे. दारू इतकी थोडी, की चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. मग पिस्तूल हातातच फुटू शकतं.

मला कुठलं गप्प बसवतंय! "पन्नासातली पाच तपासा की. पाच बरोबर, तर सगळी बरोबर. आम्ही असंच करतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मान वर न करता ते म्हणाले. "आणि उरलेली पंचेचाळीस कोण उडवणार? तू?"

मी हसलो आणि आमच्या पद्धतीचं कौतुक सांगत सुटलो. पन्नासावं भरून झालं तेव्हा ते काटा बंद करता करता थांबले.

"आल्झो... म्हणजे, तू बोलत होतास तेव्हा एकात मी टॉर्च मारला नाही."

"कुठल्या?"

"तेच आठवत नाही."

मी ओशाळलो. म्हटलं, भरलेली काडतुसंच काट्यावर ठेवू या. ते म्हणाले, पुंगळ्यांचंच वजन कमीजास्त असतं, दारूचा फरक त्यात लपून जातो. मग त्यांनी हातोडीसारखं एक अवजार काढलं आणि ठोकून ठोकून एकेक काडतूस खोललं. मला हात लावू दिला नाही, परवाना त्यांचा एकट्याचा. प्रत्येकातली दारू पुन्हा मोजली. पन्नासच्या पन्नास बरोबर निघाली.

खरं सांगतो, मला चीड आली. एवढा खटाटोप कशासाठी? आजोबांनी मात्र चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी असा माणूस पाहिला नाही, आणि माझी नोकरी नेमकी अशाच माणसाची आहे. या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

रविवारी मी त्यांच्याबरोबर क्लबात गेलो. आजी शांतपणे पिस्तुलात काडतुसं घालत होत्या, नेम धरत होत्या. शेवटची गोळी सुटली तशी त्यांनी कानांवरचे संरक्षक काढले आणि आमच्याकडे वळल्या.

"नेम कसे लागले?"

आजोबा गडबडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लक्ष्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पन्नास गोळ्या होईपर्यंत ते फक्त आजींच्या हाताकडे बघत होते.