सडकेकडचं गवत

आमच्या वेळी नागपूरला विद्यापीठात संशोधनाचं वारं भलतंच होतं. वसतिगृहात माझ्या एका बाजूच्या खोलीतली मुलगी नदीतल्या माशांचे कल्ले तपासायची, दुसऱ्या बाजूची जुन्या ताम्रपटांवरची अक्षरं भिंगातून पाहायची. माझी खोलीसोबतीण समाजशास्त्राची. ती खेड्यापाड्यांत जाऊन लोकांना विचारायची, की तुमच्याकडे लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसतं. लोक तिला पोटभर जेवू घालायचे आणि उत्तर मात्र द्यायचे नाहीत. मी होते वनस्पतिशास्त्रात, आणि माझा विषय होता कपाशीतलं तण. गवताचा अभ्यास करायला मुलगी नागपूरला ठेवली आहे, हे आमच्या गावात कुणाला पटलं नाही. गवत काय कमी होतं का गावात?

आमचं गाव केळझरच्या अलीकडे, नागपूर-वर्धा सडकेला लागून. वावरही सडकेलाच. आमच्या सरांचं म्हणणं, की प्रयोग खऱ्या शेतकऱ्याच्या शेतात व्हायला हवा. कपाशीच्या तीन पट्ट्या घ्यायच्या. एक नेहमीसारखी निंदून स्वच्छ ठेवायची, एक अर्धा हंगाम निंदून सोडून द्यायची, आणि तिसरीतल्या गवताला पेरणीपासून वेचणीपर्यंत कुणी बोटही लावायचं नाही. कोणतं तण केव्हा येतं, किती ओल खातं, त्यापायी बोंडं किती घटतात, ते पाहायचं. सगळा भार तिसऱ्या पट्टीवर. ती गेली की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की माझी पदवी वर्षभर लांबली.

मी हे बाबांना सांगितलं. आमच्या बाबांच्या वावरात गवताची काडी दाखवावी आणि पैज जिंकावी, अशी त्यांची ख्याती. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना वैरण घालता घालता म्हणाले, "कोनता तुकडा पायजे?"

"सडकेकडचा," मी म्हटलं. "तिथली माती एकसारखी आहे. नाल्याकडची उताराची."

"सडकेकडचाच पायजे?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि पट्टी दिली. त्यांनी काय दिलं ते मला आषाढ संपता संपता कळलं. केना, माठ, कुंदा, दुधी असं सगळं तण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, खांद्यापर्यंत आलं. मी आनंदानं वेडी झाले होते, दर आठ दिवसांनी बसनं येऊन मातीचे डबे भरत होते. आणि सडकेनं जाणारा प्रत्येक माणूस बैलबंडी थांबवून बाबांना विचारत होता, "काहो, तब्येत बरी हाय ना?" पारावर तर म्हणच झाली होती, पोरगी एम. एस्सी.ले गेली अन् बापाचं वावर पडीक पडलं. बाबा हसून म्हणायचे, "पोरीचा अभ्यास उगून राह्यला तिथं." हसायचे, पण संध्याकाळी वावरातून येताना सडकेनं न येता नाल्याच्या पायवाटेनं यायचे. ते मी पाहिलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं.

त्यातच समुद्रपूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरची शेती. ते लोक गणपतीत केळझरला दर्शनाला यायचेच, तर येता येता मुलगीही पाहून जाऊ, असा त्यांचा निरोप आला. आता आमच्या भागात मुलगी पाहायला येणारे आधी वावर पाहतात. तोंडानं कुणी म्हणत नाही, पण बंडी वावराशी आली की हळू होते आणि दोन म्हातारी माणसं उतरून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उगाच पाय मोकळे करतात. ज्याच्या घरात शिस्त नाही त्याच्या वावरात गवत, असा सरळ हिशेब. घरच्या बायकांनी कितीही शेव-चिवडा पुढे केला तरी त्या हिशेबात फरक पडत नाही.

त्या दिवशी मी सकाळच्या बसनं नागपूरहून आले. आमचं वावर आलं म्हणून खिडकीतून पाहिलं, तर पट्टी नव्हती. म्हणजे कपाशी होती, ओळीत, एकेक झाड मोकळं. खाली काळीभोर उकरलेली माती. उपटलेलं गवत धुऱ्यावर ढीग करून ठेवलेलं, उन्हानं मान टाकलेलं. मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याचं वावर पाहतोय.

घरी अंगणात शेजारची काकू बसली होती. आमची चुलत काकू, गावातल्या निंदणाऱ्या बायांची म्होरकी. तिचं तोंड कौतुकानं फुललेलं. आदल्या दिवशी बाबा सेलूच्या बाजाराला गेलेले पाहून तिनं आळीतल्या बाया गोळा केल्या होत्या. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारणींनी त्या घरचं अंगण सारवायचं, भांडी घासायची, ही आमच्याकडची रीत. काकूनं अंगणाच्या जोडीला वावरही धरलं.

मी पिशवी टाकली आणि ओसरीवर बसून रडायला लागले. मला राग आला की आधी रडू येतं, आणि रडू आलं की त्याचा आणखी राग येतो.

"अवं, रडून काऊन राह्यली?" काकू म्हणाली. "पाव्हने सडकेनंच येतीन. त्याइनं ते रान पाह्यलं असतं तं आल्यापावली वापस गेले असते. तुह्या बापाले नाई सांगता येत, म्हून आमीच केलं."

सात-आठ बायांनी स्वतःचं काम सोडून, पाठ मोडेस्तोवर वाकून, माझं लग्न जमावं म्हणून माझा प्रबंध उपटला होता. आईला ठाऊक होतं. तिनं अडवलं नाही. ती चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि म्हणाली, "मले दोन्ही पायजे होतं गं. अभ्यासबी अन् सोयरीकबी." तिच्यावर रागवायचं राहूनच गेलं.

पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील उंच, सावळे, कमी बोलणारे. वावर पाहूनच आले होते, कारण बसल्या बसल्या म्हणाले, "वावर साजरं ठेवलं तुमी." गावात कुणीही यावर हात जोडले असते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे सुजलेले डोळे त्यांना दिसत होते.

"पाव्हनं, खरं सांगतो," ते म्हणाले. "ते साजरं नाई पायजे होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गवत कशाला वाढवलं, बायांनी प्रेमानं कसं काढलं, सगळं. शेवटी म्हणाले, "पोरीले अजून एक हंगाम लागते. पुढच्या सालीबी तिथं गवतच राह्यन. ते झाल्याबिगर लगन नाई."

आत काकूनं तोंडाला पदर लावला. मुलगा आपल्या पायांकडे पाहत होता. त्याचे वडील उठले. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते लग्नाच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "राहू द्या आता. मी पदवीचा नाद सोडते." ते गोठ्यात होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हंगाम गेला म्हून वावर सोडते काय कोनी?" एवढंच. मी दुसऱ्या दिवशी नागपूरला परत गेले. खोलीसोबतिणीला हकीकत सांगितली, तर ती डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे माझ्या प्रबंधात घालू का गं? असं उदाहरण मी वर्षभर शोधतेय." मी तिला उशी फेकून मारली. पण तिनं ते घातलं, आणि तिचं ते प्रकरण परीक्षकांना फार आवडलं.

पुढच्या हंगामात पट्टी पुन्हा सडकेकडेच. या वेळी काकू राखणदार. तिला फार लागलं होतं. संध्याकाळी धुऱ्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला दम द्यायची, "हात नको लावजो, शिक्षनाचं गवत हाय ते." बाबाही आता सडकेनंच घरी यायचे. समुद्रपूरकडून काही कळलं नव्हतं आणि आम्ही ते स्थळ मनातून काढून टाकलं होतं. मी तर मजेत होते.

गणपतीचे दिवस होते. मी मधल्या पट्टीत पऱ्हाटीच्या आड बसून मातीचे डबे भरत होते. सडकेवर बस थांबून गेली. जरा वेळानं धुऱ्यावर कुणी उभं दिसलं. समुद्रपूरकडच्या त्या मुलाचे वडील. एकटेच. ते त्या रानाकडे कितीतरी वेळ पाहत होते. मग माणूस वाकला. जन्मभराची सवय, हात आपोआप गेला आणि कडेचं एक केन्याचं रोप मुळासकट वर आलं.

ते तसेच थबकले. हातातल्या रोपाकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. मग चक्क उकिडवे बसले, बोटानं ओल्या मातीत भोक पाडलं, रोप जिथलं तिथं लावलं आणि भोवतीची माती दोन्ही हातांनी नीट दाबली. धोतराला हात पुसून आमच्या घराच्या वाटेला लागले.

शास्त्राप्रमाणे ते रोप आता मोजणीतून बाद होतं. मी ते बाद केलं, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, की त्या घरी जायला माझी हरकत नाही.