एक वाटी कण्या, चार वाट्या पाणी

आमच्याकडे कण्या म्हटलं की ज्वारीच्या. मक्याच्या कण्या या घरात बायकोबरोबर आल्या. पोखर्णीकडे तिचं माहेर, तिथे मका होई. जाडसर भरडलेल्या कण्या शिजवायच्या, ताक घालायचं, वरून लसणाची फोडणी. ती वाटी घेऊन दारात बसे आणि सावकाश खाई. मी भराभर जेवायचो. "कण्या चावायच्या असत्यात, गिळायच्या न्हाई," असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल.

मग तिला मज्जातंतूंचा आजार झाला. आधी हात गेले, पाठोपाठ गिळण्याची ताकद कमी होऊ लागली. स्वयंपाक माझ्याकडे आला. सुरुवातीलाच मी मक्याचं पीठ समजून दुकानातून कॉर्नफ्लोअरचं पाकीट आणलं. शिजवलं तर पातेल्यात पांढरी खळ झाली. तिला हसू आवरेना.

"अवो, ह्यानं पतंग चिकटवा! पीठ पिवळं असतंय. हे नुसतं मक्याचं सत्त्व हाय."

पाकीट वरच्या फळीवर टाकलं आणि मका घेऊन गिरणीत गेलो.

"म्हशीला का कोंबड्याला?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"बायकोला."

"वैनीला लय खुराक लावायलात की!"

त्याला काही माहीत नव्हतं. मीही हसलो.

कण्यांना एकास चार पाणी. त्या घशात अडकू लागल्या तेव्हा रवा काढून आणला, एकास पाच. रव्याचाही ठसका लागला, म्हणून पीठ. ते घरी पुन्हा चाळायचं आणि एकास सात पाण्यात गुठळी होऊ न देता हलवत राहायचं. दर खेपेला मी गिरणीत सांगे, "आणखी बारीक." पुढे गिरणीवाल्यानं चेष्टा सोडली. मी न सांगताच तो दगड आवळायचा.

तिला कण्याच हव्या होत्या. "चावते अन् थुकते. एक घास द्या."

डॉक्टरांनी बजावलं होतं, एक कण श्वासनळीत गेला तरी जिवावर बेतेल.

"बरी झालीस की देतो," मी म्हणालो.

"तुमी हिशेबाचं माणूस," ती अडखळत म्हणाली. "माझं किती दिस उरलं, तुमाला कळंना का?"

मी पिठाची पेज भरवली.

शेवटी साधं पाणीही श्वासनळीत जाऊ लागलं. ते दाट करून द्या, असं डॉक्टर म्हणाले. मी फळीवरचं ते पाकीट काढलं. पेलाभर पाण्यात दोन चमचे, उकळून, गार करून. तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं. पाकीट पाहून तिच्या डोळ्यांत हसू आलं. मला ते नीट बघवलं नाही.

तेराव्याला तिच्या आवडीचं म्हणून मीच कण्या केल्या. एक वाटी, चार वाट्या पाणी. मेहुणीनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"दाजी, अजून शिजू द्या. दाताखाली येतील."

"येऊ दे," म्हणालो आणि गॅस बंद केला.