सोनसावरीची टेकडी

माझे बाबा यवतमाळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते. वर्गात फुलांचे जे छापील तक्ते टांगलेले असत, त्यांतलं एकही फूल आमच्या जिल्ह्यात उगवत नव्हतं. मुलं ती नावं पाठ करायची आणि शाळेमागच्या रानातलं झाड मात्र कोणाला ओळखता यायचं नाही. बाबांच्या मनाला हे लागलं होतं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की आपल्याकडच्या रानफुलांचे फोटो काढून आपणच तक्ते करायचे.

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्यानं जुना डबा कॅमेरा वापरायला दिला. एका रोलमध्ये बारा काळे-पांढरे फोटो निघायचे. बाबांचा हात थोडा कापायचा, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात आला. आईनं दोन दिवस कुरकुर केली, मग भाकरी बांधून द्यायला लागली.

फाल्गुन लागला होता. रविवारी पहाटेच्या मोटारीनं आम्ही दिग्रसच्या रस्त्याला जायचो, मध्येच कुठंतरी उतरायचो आणि रानात शिरायचो. सागाची पानं गळून खाली वाळलेली असायची. पाय पडला की मोठ्यानं वाजायची. लांबून पाहणाऱ्याला ते रान मेलेलंच वाटलं असतं. पण नाल्याच्या काठानं गेलं की पांगारा भेटायचा, खडकाळ उतारावर धायटी, शेताच्या बांधाला पळस. कुठं पायाखाली रिंगणीचं जांभळं फूल काट्यांत बसलेलं असायचं. दर खेपेला मला नव्यानं आश्चर्य वाटायचं, की पाण्याचा थेंब नसलेल्या या जमिनीत हे सगळं कुठून येतं.

बाबा पाकळ्या मोजायचे, केसर मोजायचे, फूल उलटं करून देठापाशी नख लावून पाहायचे. ते सांगतील ते मी वहीत लिहायची. रंग मात्र ते मलाच लिहायला लावायचे. नुसतं लाल लिहिलेलं त्यांना चालत नसे. लाल म्हणजे कसा, कशासारखा, पांगाऱ्याचा आणि सावरीचा सारखाच आहे की वेगळा, असं खोदून विचारायचे. ते माझी परीक्षा घेतात असं मला वाटायचं, आणि मी शब्द शोधून शोधून सांगायची, मग लिहायची.

एका सकाळी आम्ही एका टेकाडावर चढलो आणि पलीकडचा सगळा उतार पळसाचा निघाला. ऊन नुकतंच वर आलं होतं. एका झाडालाही पान नव्हतं. खालच्या तळ्यापर्यंत केशरी, आणि तळ्याच्या पाण्यातही केशरी. मी कॅमेरा हातात धरून तशीच उभी राहिले. बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसून खाली पडलेलं एक फूल न्याहाळत होते. त्याची वाकडी चोच, पाठीवरची मखमल त्यांनी मला दाखवली. मग वर न बघताच विचारलं, की हा रंग कुठपर्यंत गेला आहे. मी तळ्यापर्यंत म्हटलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतलं.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आले. पळसाचा उतार पाहून माझं तोंडच उतरलं. सगळं काळं होतं. काळ्या फांद्यांवर काळे झुबके, वणवा लागून गेल्यावर उरतात तसे. मी फोटो खाली टाकला आणि म्हटलं, की सगळा रोल वाया गेला. बाबांनी तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"वाया काहून गेला?" ते म्हणाले. "चांगला आला. मले तो असाच दिसते."

समजूत घालायला बोलतात असं मला वाटलं. पण स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सांगा आता. पोरगी मोठी झाली."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांना मळ्यात लाल मिरच्या तोडायला पाठवायचे आणि ते हिरव्याच तोडून आणायचे. मार खाऊन खाऊन ते मिरची बोटानं चाचपून ओळखायला शिकले. लाल रंग त्यांना ओल्या सालीसारखा दिसायचा, त्यातलं हिरवं कुठलं आणि लाल कुठलं हे कळायचं नाही. लग्नानंतर आईसाठी हिरवं म्हणून त्यांनी भलत्याच रंगाचं लुगडं आणलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिच्याशिवाय कोणाला त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. फुलं शिकवणाऱ्या मास्तरला फुलाचा रंग दिसत नाही, हे शाळेत कळलं तर लोक काय म्हणतील, याची त्यांना धास्ती होती.

मी वही काढून पहिल्या पानापासून वाचली. मी परीक्षेची उत्तरं म्हणून लिहिलेले ते शब्द त्यांनी दर खेपेला किती लक्षपूर्वक ऐकले होते, ते आठवून मला कसंसंच झालं. थोड्या वेळानं मी विचारलं, की तुम्हाला कोणता रंग दिसतो तरी.

ते म्हणाले, पिवळा दिसतो. आणि निळा. मग त्यांनी सोनसावरीचं नाव काढलं. खडकाळ टेकडीवर होणारं पिवळ्या फुलांचं झाड. पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, वाळवून कागदाला चिकटवलेलं फूलही पाहिलं होतं, पण ते पार तपकिरी पडलेलं. आपल्या जिल्ह्यात ते असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. झाडावर फुललेलं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दुसरं काही शोधलंच नाही. रस्त्यालगत बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथं एक म्हातारी बाई झोपडीपुढे ज्वारी पाखडत होती. हातात कोपरापर्यंत पांढरी बलोती, म्हणजे त्यांच्याकडच्या बायका घालतात त्या बांगड्या. बाबांनी तिला तिच्याच बोलीत याडी, म्हणजे आई, अशी हाक मारली, तशी ती हसली. आपण शाळेत मास्तर आहोत असं सांगून बाबांनी झाडाचं वर्णन केलं, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि मागच्या टेकडीकडे हात केला. त्या झाडाचा डिंक ते लोक दरवर्षी काढायचे.

"लवकर जा, मास्तर," ती म्हणाली. "चार-आठ दिवसांचा बहार हाय. मंग काहीच नाही राहत."

वाट अशी नव्हतीच. काळे धोंडे, त्यांवरून घसरणारी मुरमाड माती, गवताची वाळली काडीही नाही. बाबा दोनदा थांबले. मी पुढं होते, म्हणून मला ती झाडं आधी दिसली. सात-आठ असतील. पांढुरक्या सालीची, वाकडीतिकडी, एकही पान नसलेली, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला तळहाताएवढी पिवळी फुलं. मागं आभाळ स्वच्छ निळं. बाजूला सरकून बाबांना वाट दिली.

बाबा वर आले आणि थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली. पाकळ्या मोजल्या नाहीत, फूल तोडलं नाही. मधमाश्यांचा एवढा आवाज होता की मला बाबांचा श्वासही ऐकू येत नव्हता. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नव्हतं.

"बाई, तुले बी हे असंच दिसते काय?"

"असंच दिसते, बाबा. अगदी असंच."

"मंग आज तू नको सांगू. मी सांगतो, तू लिही."

आणि ते सांगू लागले. हळदीसारखा नाही, हळद जरा मळकी असते. मोहरीचं फूल याच्यापुढे फिकं. पाकळीच्या बुडाशी दाट, कडेला इतका पातळ की ऊन आरपार जातं. सांगताना ते एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात होते आणि मी धोंड्यावर बसून भराभर लिहीत होते. मी एवढे रंग पाहणारी, पण त्या पिवळ्यात त्यांना जे दिसत होतं ते सगळं मला त्यांनी सांगितल्यावरच दिसलं. शेवटी मी फोटो काढले. बाबा एका फोटोतही नीट आले नाहीत, ते सारखे हलत होते.

रोल धुऊन आला तेव्हा सोनसावर पांढरी आली होती. या वेळी बाबा चिडले. हे काही ते नाही, असं दिवसभर म्हणत राहिले. मग पळसाच्या फोटोवर मी चिडले होते तेव्हा ते का शांत राहिले होते, हे आठवून आम्ही दोघंही हसलो.

तक्ते शाळेत लागले. लावले त्याच दिवशी बाबांनी वर्गाला आपणहून सांगितलं, की मला लाल दिसत नाही. आई घरी काळजी करत बसली होती. पण मुलांनी ते फार सरळ घेतलं. तिसऱ्या दिवसापासून मुलं रानातून फुलं आणून आधी रंग सांगायची, कशासारखा तेही सांगायची, आणि मग फूल बाबांच्या हातात द्यायची.