परसातली पिवळी विलायती वांगी

मला आजही टोमॅटोच्या पानांचा वास सहन होत नाही. उग्र, कडवट, आणि एकदा बोटांना लागला की कितीही घासा, जात नाही मेला. वर बोटं हिरवी-काळी होतात ती वेगळीच. आमच्या नातसुना कोशिंबिरीत टोमॅटो चिरतात, आमटीत घालतात, मुलं तर नुसतं मीठ लावून खातात. खा बापडे! पण माझ्या परसात मी त्याचं झाड लावू देत नाही. एकदा लावलं होतं, तेवढं पुरे झालं.

तेव्हा ठाण्यात त्याला टोमॅटो म्हणत होतं कोण! विलायती वांगं म्हणायचे. साहेबांचे बंगले आणि किरिस्तावांच्या वाड्या सोडल्या तर ते कुणाच्या घरात शिरत नसे. आमच्यासारख्यांच्या घरात तर मुळीच नाही.

आम्ही तळ्याच्या मागच्या अंगाला राहत होतो. घरात तीन माणसं: हे, मी आणि सासूबाई. हे कचेरीत कारकून. सासूबाई फार लवकर विधवा झालेल्या, कडक सोवळ्यातल्या. डोक्यावरून तांबडं आलवण, हातात सदा पाण्याचा तांब्या, आणि तोंडात "शिवू नको". मी एकदा धीर करून विचारलं होतं, की एवढ्या तरुणपणी केस का काढू दिलेत? तर म्हणाल्या, "केस ठेवले असते तर देवाला हात लावू दिला असता का मला कुणी?" देवघरातला पितळी बाळकृष्ण हे त्यांचं सगळं जग. त्याला आंघोळ त्या घालणार, गंध त्या लावणार, लोणी-साखर त्या दाखवणार. मला देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची चोरी.

मला दोनदा दिवस राहून फुकट गेले होते. दोन्ही वेळा एकच तऱ्हा. काही खाल्लं की उलटून पडायचं, अंगात त्राण उरायचं नाही, आणि मग एके दिवशी सगळं संपायचं. माहेर कल्याणला, आगगाडीने जवळच, पण आई गेलेली. जाऊन कुणाच्या मांडीवर डोकं ठेवणार? तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पुन्हा तेच सुरू झालं. भाताला आधण आलं की मळमळ. हिंगाची फोडणी बसली की मी परसात पळालेच. तुपाचा वास, ताकाचा वास, यांच्या अंगाला येणारा कचेरीतल्या शाईचा वास, सगळ्याची शिसारी. त्यात ओहोटी लागली आणि वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास थेट माजघरात यायचा. मी भिंतीला डोकं टेकून बसायची आणि म्हणायची, देवा, हे नाक तरी काढून घे. वैद्यबुवा आले, नाडी बघितली आणि म्हणाले, पोटात अन्न ठरलं नाही तर मूलही ठरायचं नाही. एवढं सांगायला वैद्य कशाला हवा होता? मला ठाऊकच होतं.

आमच्या परसदारी भाजीची पाटी घेऊन एक किरिस्ताव बाई यायची. तिची वाडी बाळकुमच्या वाटेवर. सासूबाई तिला भाजी जमिनीवर ठेवायला लावायच्या, वरून पाणी शिंपडायच्या आणि मगच उचलायच्या. त्या बाईला त्याचं काही वाटत नसे, की वाटत असून ती दाखवत नसे, देव जाणे. एके दिवशी तिच्या पाटीत बंगल्यावर द्यायची विलायती वांगी होती, लालबुंद. त्यातलं एक फुटलं होतं आणि त्याचा आंबट वास आला. आणि काय सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं! कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मी ते उचललं आणि ओठाला लावणार, तेवढ्यात मागून सासूबाईंची किंकाळी.

"अगं टाक! टाक ते आधी! शी शी शी! चिरलेलं मांस दिसतंय नुसतं. ब्राह्मणाच्या घरात हे?"

आमच्याकडे मसुराची डाळसुद्धा शिजत नसे, तिच्या तांबड्या रंगापायी. तिथे या फळाचा काय पाड! मी ते टाकलं. पण डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! स्वतः जन्मभर तांबड्या आलवणात वावरायचं, आणि ताटात तांबडं दिसलं की विटाळ? हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची माझी काय टाप होती!

ती बाई पाटी उचलता उचलता म्हणाली, "पिवली पन हायेत गो बाय माज्या वाडीत. हलदीसारखी पिवली. पाद्रीबाबानं बी दिलेलं."

 सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पिवळं असेल तर चालेल. पण तिच्या वाडीतलं नको. ती माणसं झाडांना मासळीचं खत घालतात. रोपं आण म्हणावं. आपल्या परसात, आपल्या गाईच्या शेणावर वाढलं तरच या घरात येईल."

यांना विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "आई म्हणते तसं करावं." मला यांची त्या घटकेला जितकी किळस आली तितकी सगळ्या वांत्यांत मिळून आली नसेल. उपासाला बटाटे चापून खाता ते काय तुमच्या पणजोबांनी शोधून काढले होते? मिरची कुठली, साबुदाणा कुठला, कुणी विचारलं? पण सुनेच्या पोटात काही जायचं म्हटलं की लगेच शास्त्र आठवतं!

करवंट्यांतून रोपं आली, वीतभर वाढलेली. ती मी विहिरीच्या कडेला लावली. आमच्या विहिरीचं पाणी खाडीपायी मचूळ, माती निकस. मी नाकाला पदर लावून पाणी घालायची, काटक्यांना बांधायची. पानाला हात लागला की तो वास, आणि वासापाठोपाठ उलटी. म्हणजे झाडाने जीव घाबरा व्हायचा आणि फळासाठी जीव टांगलेला! पानांच्या खाली हिरव्या अळ्या चिकटलेल्या असायच्या, लिबलिबीत. त्या काडीने काढून पाण्यात टाकायच्या. शी! आजही अंगावर काटा येतो. शेण घातलं, राख घातली. रोपं वाढली पण पानं फिक्कट, खोड सुतळीएवढं. पिवळी फुलं यायची आणि गळून पडायची. एकेक फूल गळालेलं दिसलं की माझा हात आपोआप पोटाशी जायचा.

किरिस्ताव बाईने कुंपणावरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "शेनानं काय होते गो? मासलीची मुंडकी पुर झाडाखाली. आठ दिवसांत बघ."

मी ते सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी दोन्ही कान झाकले. "हे शब्द तू घरात उच्चारलेसच कसे?" म्हणाल्या, आणि नुसतं ऐकल्यापायी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. खरं सांगायचं तर मासळीची मुंडकी हाताने पुरणं माझ्याच्याने या जन्मी झालं नसतं. मी खोलीत जाऊन पडले. पेज दिली ती उलटली, सरबत दिलं ते उलटलं. रडले खूप. या खेपेलाही हे मूल जाणार, असं मी मनाशी धरून टाकलं आणि त्या बाईवर, त्या झाडांवर आणि सासूबाईंच्या त्या सोवळ्यावर मनातल्या मनात थुंकले.

मग दुसरंच एक सुरू झालं. एके सकाळी सासूबाई देवघराच्या बाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "आजपासून बाळकृष्णाची पूजा तू करायचीस. माझे गुडघे धरलेत. खाली बसवत नाही."

मी बघतच राहिले. अन्न पोटात ठरत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि वर ही पूजा माझ्या गळ्यात? इतकी वर्षं उंबरा ओलांडू दिला नाहीत, आणि आता मी मरायला टेकले तेव्हा देव आठवले का माझ्यासाठी? बरं, गुडघे धरले म्हणायच्या आणि विहिरीवर उकिडव्या बसून तासन्‌तास हात घासायच्या. राखेने घासायच्या, चिंचेने घासायच्या, पुन्हा राखेने. स्वयंपाक अर्धामुर्धा माझ्यावर टाकला. चिरायचं, फोडणी घालायची, सगळं मीच. त्या लांबून सांगणार. सोवळ्याचं वेड वाढलंय, दुसरं काय! मी सकाळी नाक दाबून देवाला लोणी-साखर दाखवायची आणि सासूबाई उंबऱ्याबाहेरून, हात आलवणात गुंडाळून, त्याच्याकडे टक लावून बघत बसायच्या. मला त्या बघण्याचाही वीट आला होता.

इकडे झाडांनी मात्र अंग धरलं. पानं गडद झाली, खोडं जाड झाली, फुलं टिकली आणि त्यांच्या जागी हिरव्या गोट्या लागल्या. मला वाटलं, माझ्या पाण्याला यश आलं. फक्त आळीतली मांजरं विहिरीच्या कडेला का जमायला लागली, ते कळेना. एक बोका तर झाडांच्या आळ्यातली माती उकरायचा. हाकलला की पुन्हा हजर.

एके दुपारी जेवणं झाली, हे कचेरीत. मी पडले होते, पण पोटात कळ आली म्हणून उठून मागच्या दारापर्यंत गेले, आणि दारातच थांबले.

सासूबाई झाडांपाशी बसल्या होत्या. बाजूला केळीच्या पानाचा पुडा उघडा पडला होता आणि त्यात मासळीची मुंडकी, आतडी, रक्ताळलेलं पाणी. वास माझ्यापर्यंत आला. कुंपणापलीकडे ती किरिस्ताव बाई पाठ करून उभी होती, कुणी येतंय का बघत. सासूबाईंनी आलवणाचा पदर नाकातोंडावरून घट्ट बांधला होता. त्या उजव्या हाताने, ज्या हाताने बाळकृष्णाला गंध लावायच्या त्याच हाताने, एकेक मुंडकं उचलत होत्या, खड्ड्यात ठेवत होत्या आणि वर माती लोटत होत्या. मधेच त्यांना उमासा आला. त्या बाजूला सरकल्या, पदर सोडला आणि ओकल्या. मग तोंड पुसून पुन्हा पदर बांधला आणि पुढचं मुंडकं उचललं.

मी मागच्या पावली खोलीत आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. इतके दिवस त्यांच्याविषयी जे जे मनात आणलं होतं ते सगळं आठवलं.  

फळं पिकली, खरोखरच हळदीसारखी पिवळी. पहिलं मीच चिरलं, साखर-मीठ लावून खाल्लं. ते कशावर वाढलंय हे मला ठाऊक होतं. घशाशी आलं, पण मी डोळे मिटून गिळलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ठरलं का?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दोन घास भातही ठरला. मग मी रोज खाल्लं. सासूबाईंनी मात्र त्याला कधी जीभ लावली नाही.

चैत्राच्या उन्हात झाडं वाळली. मी ती उपटून टाकली. वाटलं, आता तरी सासूबाई देवघरात जातील. पण नाही. गुडघे अजून धरलेलेच.

वैशाखात मला मुलगी झाली, धडधाकट, आवाजाने आळी डोक्यावर घेणारी. बारशाला बायका जमल्या. विधवेने त्यात यायचं नाही म्हणून सासूबाई दिवसभर आत बसून होत्या. सगळ्या गेल्यावर त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्या जवळ आल्या, वाकल्या आणि बाळाला घेण्याऐवजी दोन्ही हात पसरून माझ्या नाकापाशी धरले. घासून घासून तळव्यांची सालं निघाली होती.

"बघ गं," म्हणाल्या, "वास येतोय का अजून?"

मी ते हात हुंगले. राखेचा आणि चिंचेचा वास होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग दे इकडे," असं म्हणून त्यांनी बाळ घेतलं आणि त्याला घेऊन देवघरात गेल्या.